डावा हात आणि आपल्या तीन भाषा



मंडळाच्या वाचनकट्ट्यातर्फे यंदा आम्हाला विषय दिला तो इंग्रजी भाषेतल्या म्हणींचा. आम्ही चार-सहा जण बसलो, शब्दकोश काढले, याद्या केल्या, आणि एका शब्दावर येऊन थांबलो. तो शब्द म्हणजे 'लेफ्ट', अर्थात डावा. एकदा त्या शब्दाच्या मागे लागलो तेव्हा लक्षात आले, की हा विषय एकट्या इंग्रजीचा नाही. आपण सीमाभागातली माणसे. घरात मराठी, कचेरीत कन्नड, मुलांच्या दप्तरात इंग्रजी. तिन्ही भाषांत डाव्या हाताच्या वाट्याला जे आले, ते एकाच मापाचे आहे. म्हणून आज तिन्हींबद्दल बोलतो.

बेळगावात रिक्षात बसले की 'डावीकडे घ्या' म्हणा, 'एडक्के' म्हणा किंवा 'लेफ्ट' म्हणा, रिक्षा वळते. तिन्ही शब्द आपल्याला जन्मापासून ठाऊक. पण गंमत एसटी स्टँडवर होते. बस डावीकडे वळणार असली तरी कंडक्टर ओरडतो, 'राइट, राइट!' त्याला म्हणायचे असते, 'ठीक आहे, चला.' इंग्रजीत उजवा म्हणजेच बरोबर. हा अर्थ इतका मुरला आहे, की डावे वळण घेणारी गाडीसुद्धा 'राइट' म्हटल्याशिवाय जागची हलत नाही.

इंग्रजीतला 'राइट' मुळात 'सरळ' या अर्थाचा. सरळ ते बरोबर, बरोबर ते न्याय्य, न्याय्य ते हक्काचे. म्हणून हक्कालाही 'राइट' आणि उजव्या हातालाही 'राइट'. आता आपला 'उजवा' पाहा. संस्कृतात 'ऋजु' म्हणजे सरळ. त्याचे प्राकृतात 'उज्जु' झाले, जुन्या मराठीत 'उजू' झाले आणि त्यातून 'उजवा' आला. म्हणजे सात समुद्रांपलीकडच्या माणसाने आणि कृष्णा-घटप्रभेच्या काठच्या माणसाने, एकमेकांना न विचारता, उजव्या हाताला एकच नाव ठेवले: सरळ हात. मग दुसरा हात आपोआपच वाकडा ठरला.

'लेफ्ट' या शब्दाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता दुबळा, कुचकामी. पुढे त्या भाषेने शेजाऱ्यांकडून शब्द उसने घेतले, तेही त्याच जातीचे. लॅटिनमध्ये डाव्याला 'सिनिस्टर' म्हणत. इंग्रजीत आल्यावर त्याचा अर्थ झाला अशुभ, कपटी. फ्रेंचमध्ये डावा म्हणजे 'गोश'. इंग्रजीत 'गोश' म्हणजे ज्याला चारचौघांत कसे वागावे ते कळत नाही असा माणूस. उलट लॅटिनमधल्या उजव्याचे, 'डेक्स्टर'चे, इंग्रजीत हस्तकौशल्य झाले. ज्याला दोन्ही हातांनी सारखेच काम जमते त्याला इंग्रजीत 'अँबिडेक्स्ट्रस' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ, ज्याचे दोन्ही हात उजवे आहेत असा! डावा हात चांगला निघाला तर त्याचे कौतुक करण्याऐवजी त्याला उजवाच करून टाकले.

म्हणी तर विचारूच नका. ज्याला नाचता येत नाही त्याचे दोन्ही पाय डावे. लेझीम खेळताना सारखा ताल चुकवणारा एखादा गडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे अर्थ कळेल. 'डाव्या हाताची स्तुती' म्हणजे तोंडावर कौतुक आणि पोटात टोमणा. 'वहिनी, आज आमटी चांगली झाली हो!' यातला तो 'आज'. युरोपातल्या राजघराण्यात राजपुत्राने खालच्या दर्जाच्या घराण्यातल्या मुलीशी लग्न केले आणि मुलांना गादीचा हक्क द्यायचा नसला, तर त्या लग्नाला 'डाव्या हाताचे लग्न' म्हणत.

राजकारणातला 'डावा' मात्र वेगळ्या वाटेने आला. 1789 साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाच्या बाजूचे लोक अध्यक्षांच्या उजव्या हाताला आणि बदल मागणारे डाव्या हाताला बसू लागले. तिथून डावे पक्ष आणि उजवे पक्ष हे शब्द जगभर गेले. बसण्याची जागा एवढाच त्याचा मूळ अर्थ.

आता आपल्या घरात येऊ. 'डावा' शब्द जुना आहे. प्राकृतात डाव्या हाताला 'डव्व' म्हणत, गुजरातीत आजही 'डाबो' म्हणतात. मराठीत दोन गोष्टींत सरस ठरते ती 'उजवी', कमी पडते ती 'डावी'. निवड करताना आपण 'डावे-उजवे' करतो. विश्वासू माणूस हा 'उजवा हात'. अगदी क्षुल्लक काम 'डाव्या हाताचा मळ'. मुलीचे लग्न झाले की 'मुलगी उजवली', मूल झाले की 'कूस उजवली'. व्याकरणकार सांगतील की हे उजवणे व्रताच्या उद्यापनातून आले. खरे आहे. पण बोलणाऱ्या आजीच्या कानात तो उजवा हातच वाजत असतो. आणि सगळ्यांत बोचरा शब्द म्हणजे 'डावलणे'. एखाद्याला डाव्या बाजूला टाकून, त्याच्याकडे न बघता पुढे निघून जाणे.

कन्नडमध्येही तेच. 'एड' म्हणजे डावे. 'एडवु' म्हणजे ठेचकाळणे. 'एडवट्टु' म्हणजे घोळ, फजिती. डावखुऱ्या माणसाला 'एडच'. उजव्याला 'बल', आणि संस्कृतातून आलेला ताकदीचा 'बल'ही कन्नडमध्ये नांदतो. दोन शब्द मुळात वेगळे, पण ऐकणाऱ्याला उजवा हात म्हणजे बळाचा हात असेच वाटणार. याहून गंभीर गोष्ट पुढची. दक्षिणेत कित्येक शतके जातींचेच दोन गट पाडलेले होते. तमिळ मुलखात वलंगै आणि इडंगै, कन्नड मुलखात बलगै आणि एडगै, म्हणजे उजव्या हाताचे आणि डाव्या हाताचे. कर्नाटकात अनुसूचित जातींच्या अंतर्गत आरक्षणाची चर्चा निघाली, की हे दोन शब्द आजही वर्तमानपत्रात येतात. हाताचे नाव माणसांच्या समूहाला चिकटले की ते किती पिढ्या सुटत नाही, त्याचा हा पुरावा आपल्या दारातच आहे.

संस्कृतात 'दक्षिण' म्हणजे उजवा, आणि दक्षिण दिशाही. सकाळी सूर्याकडे तोंड करून उभे राहा, उजवा हात ज्या बाजूला येईल ती दक्षिण. त्याच शब्दावरून दख्खन. म्हणजे आपण दख्खनचे रहिवासी, मग घरात मराठी बोला नाहीतर कन्नड, सगळेच उजव्या हाताकडचे! 'वाम' या शब्दाचे मात्र नवल आहे. वाम म्हणजे डावा, वाम म्हणजे प्रतिकूल, आणि वाम म्हणजे सुंदरही. वाममार्गाला लागलेला माणूस बिघडलेला. पण वामांगी बसते ती पत्नी.

एकाच शब्दात वाईट आणि सुंदर कसे? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात सापडते. बांगडी फुटली तर आपण 'वाढवली' म्हणतो. नारळ फोडला तर 'वाढवला'. जे नाव घ्यायची धास्ती वाटते, त्याला आपण गोड नाव देतो. ग्रीक लोकांनीही डाव्याला 'सुनामी' अशा अर्थाचा शब्द वापरला, म्हणजे चांगल्या नावाचा. गोड नाव दिले ते मान म्हणून नव्हे, भीती म्हणून.

आता प्रश्न असा, की जगभर एकाच हाताच्या नशिबी हे का आले? मोठे कारण संख्येचे. दहा माणसांत साधारण नऊ उजव्या हाताची आणि एक डाव्या. नऊ जणांनी भाषा घडवली, विळी घडवली, कात्री घडवली, दाराची कडी घडवली. आपल्याकडे दुसरे कारण पाण्याचे. पाणी दुरून आणायचे, साबण दुर्मीळ, जेवायचे हाताने. तेव्हा जेवणाचा हात एक आणि धुण्याचा दुसरा, ही वाटणी शहाणपणाचीच होती. पुढे पाणी नळाला आले, साबण घरोघरी आला, पण वाटणी पाप-पुण्याची होऊन बसली.

या सभागृहात आज तीनशे जण असतील, तर हिशेबाने त्यांतले तीस जण डावखुरे असायला हवेत. हात वर करा म्हटले तर तीस येतील का? आम्हाला शंका आहे. बरेच जण लहानपणीच 'सुधारले' गेले असतील. कुणाच्या डाव्या हातावर छडी बसली असेल, कुणाचा हात पाठीशी धरून ठेवला असेल. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी चुकून डाव्या हाताने पुढे होऊ नये, म्हणून कितीतरी मुलींना आदल्या दिवशी बजावून ठेवले जाते. डावरी आहे हे लपवायचे, जणू काही दुखणेच आहे.

आता मान वर करून मखराकडे पाहा. आपल्या घरात येणारी गणेशमूर्ती बहुतेक डाव्या सोंडेची असते. उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचे सोवळे-ओवळे कठीण. अष्टविनायकांत सिद्धटेकचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा, मुंबईत प्रभादेवीचाही. संसारी माणसाला झेपतो, लेकराबाळांच्या घरात रमतो, तो डाव्या सोंडेचा. आणि त्याचा मोदक कुठे असतो? उजवा हात आशीर्वादाचा, मोदक डाव्या हातात, आणि सोंड वळते ती त्या डाव्या हाताकडेच! त्याच बाप्पापुढे एखाद्या चिमुरड्याने प्रसादाला डावा हात पुढे केला, की आपण त्याच्या हातावर चापट मारतो. देव स्वतः ज्या हाताने खातो, त्या हाताने भक्ताने घ्यायचे नाही!

मिरवणुकीतला ढोल घ्या. एका बाजूला टिपरू आणि दुसऱ्या बाजूला उघड्या हाताची थाप. नुसत्या टिपरूने ढोल बोलत नाही. तबल्यात डग्ग्यावरचा हात काढून घेतला तर नुसती टकटक उरेल. पेटीचे तर विचारायलाच नको. बेळगावने पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारखे पेटीचे मोठे गुरू पाहिले. ऐकणारे बघतात ती सुरांवर पळणारी उजव्या हाताची बोटे. पण भाता चालवतो तो डावा हात. श्वास त्याचा, नाव दुसऱ्याचे.

निपाणीच्या मायबहिणींना विचारा. विडी वळताना एका हाताने पान धरायचे, दुसऱ्याने जर्दा भरायचा, मग दोन्ही हातांची बोटे मिळून वळायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांवर ठरते. त्या हजारांत डाव्या हाताच्या पाचशे आणि उजव्याच्या पाचशे असा हिशेब कोणी मांडू शकेल का? आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. तिथल्या मैदानावर जवान चालू लागतो तेव्हा पहिले पाऊल डावे पडते. सलाम उजव्या हाताचा, पण कूच डाव्या पायाने. तवंदीच्या घाटात गाडी चालवणाऱ्यालाही विचारा. तिथे डावी बाजू सोडली की काय होते, ते सांगायला नको.

महात्मा गांधी काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष आयुष्यात एकदाच झाले, ते आपल्या बेळगावात, डिसेंबर 1924 मध्ये. त्याआधी पंधरा वर्षे, 1909 साली, लंडनहून दक्षिण आफ्रिकेला परत जाताना बोटीवर त्यांनी 'हिंद स्वराज' लिहिले. लिहून लिहून उजवा हात दुखू लागला, तेव्हा त्यांनी लेखणी डाव्या हातात घेतली. हस्तलिखिताच्या 275 पानांपैकी सुमारे 40 पाने डाव्या हाताची आहेत. ते पुस्तक वाचताना कोणते वाक्य कोणत्या हाताचे, हे कोणाला ओळखता येते?

क्रिकेटचा दाखला मुलांसाठी. रणजी करंडकाच्या 1981-82 च्या हंगामात मुंबई आणि कर्नाटक यांची उपांत्य लढत बेंगळुरूला झाली. खेळपट्टीवर चेंडू हातभर वळत होता आणि कर्नाटकचा डावखुरा फिरकी गोलंदाज रघुराम भट मुंबईचे गडी टिपत होता. तेव्हा सुनील गावस्कर त्याच्यासमोर चक्क डाव्या हाताने खेळायला उभे राहिले आणि शेवटपर्यंत नाबाद राहिले. जगातल्या उत्तम उजव्या फलंदाजालाही संकटात डावा हात आठवला. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करत असला तरी लिहितो डाव्या हाताने. आणि 'डावलणे' या शब्दाचा अर्थ शिकायचा असेल, तर मुंबईच्या पद्माकर शिवलकरांकडे पाहावे. डाव्या हाताने फिरकी टाकत त्यांनी प्रथम श्रेणीत 589 बळी घेतले आणि एकही कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.

मंडळी, अर्जुनाचे एक नाव सव्यसाची. सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण सोडू शकतो तो सव्यसाची. गीतेच्या अकराव्या अध्यायात श्रीकृष्ण त्याला याच नावाने हाक मारतो. इंग्रजीने दोन्ही हात चालवणाऱ्याला 'दोन उजव्या हातांचा' म्हटले. आपल्या परंपरेने मात्र त्याचा डावा हात नावात राखला, त्याचे डावेपण पुसले नाही. हा वारसा आपला आहे. छडी हा आपला वारसा नव्हे.

हे सगळे आम्ही का सांगतो आहोत? आपण सीमाभागातली जुनी घराणी. डावलले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोशात शोधावे लागत नाही. दुकानाच्या पाटीपासून कचेरीतल्या अर्जापर्यंत, आपली भाषा बाजूला सरकवली जाते तेव्हा पोटात काय होते, ते आपण तीन पिढ्या अनुभवले आहे. 'तुम्ही थोडे आहात, बहुसंख्यांसारखे व्हा' हे वाक्य आपल्याला आवडत नाही. मग दहांत एक असलेल्या लेकराला आपल्याच माजघरात, आपल्याच मायबोलीत, तेच वाक्य का ऐकावे लागावे? ते मूल थोड्यांतले थोडे. बाहेर भाषेने वेगळे, घरात हाताने वेगळे. त्याला निदान घरात तरी पूर्ण जागा हवी.

म्हणून काही साध्या गोष्टी. मूल कोणत्या हाताने चमचा उचलते, खडू धरते, ते पाहावे आणि त्याला त्याच हाताने करू द्यावे. मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लिप्या डावीकडून उजवीकडे जातात, त्यामुळे डावखुऱ्या मुलाचा हात लिहिलेल्या अक्षरांवरून घासत जातो. त्याला अक्षर वाईट म्हणून रागावण्याऐवजी वहीची वरची बाजू थोडी उजवीकडे कलती करून द्यावी आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगावे. बाकावर त्याला डाव्या टोकाला बसवावे, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशी रोजची लढाई होत नाही. पंगतीतही तीच जागा. डाव्या हाताची कात्री बाजारात मिळते, ती घ्यावी. आपल्यातले जे उद्यमबागेत कारखाने चालवतात, त्यांनी यंत्रावर डावखुरा कामगार असला तर बटण आणि दांडा त्याच्या हाताशी येतो का, हे बघावे. तो त्याच्या बोटांचा प्रश्न आहे. आणि लग्न जमवताना 'मुलगी डावरी आहे का' हा प्रश्न आपल्या यादीतून काढून टाकावा.

भाषा एका रात्रीत बदलत नाही. 'उजवा' शब्दातले 'सरळ' आणि 'डावलणे' शब्दातले दुःख, दोन्ही राहणार. आम्ही शब्द टाकून द्या म्हणत नाही. शब्द जुन्या घरासारखे असतात, त्यांच्या भिंती जाड असतात. पण त्या घरात आज कोणाला कोणत्या खोलीत बसवायचे, हे घरातल्या जित्या माणसांनी ठरवायचे असते.

आता आरती होईल, मग प्रसाद. वाटणारी मंडळी तयार आहेत. रांगेत एखादे लेकरू डावा हात पुढे करील. त्याच्या तळहातावर मोदक ठेवा आणि पुढे चला.

गणपती बाप्पा मोरया!